मुंबईस जाताना मुक्काम कोठे करावा?

मुंबईस जाण्याचा प्रसंग आपल्या धर्मप्रांतातील बहुतेक कुटुंबांवर केव्हा ना केव्हा येतोच. कोणाला परदेशी नोकरीच्या व्हिसासाठी मुलाखतीस जावे लागते, कोणाच्या मुलीची परीक्षा असते, कोणी सप्टेंबरात मोतमाऊलीच्या सणासाठी वांद्र्यास निघते, तर कोणाच्या हाती गावच्या डॉक्टरांनी टाटा रुग्णालयाची चिठ्ठी दिलेली असते. निघण्यापूर्वी यांतील अनेक जण धर्मग्रामाच्या कार्यालयात येतात आणि विचारतात, 'फादर, मुंबईत स्वस्तात राहण्याची सोय कोठे होईल?' प्रश्न स्वाभाविक आहे. तथापि, आमच्या मते तो अर्धाच विचारलेला असतो. मुंबईत कोणत्या कामासाठी, नेमक्या कोणत्या ठिकाणी, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि किती दिवस जायचे आहे, हे कळल्याखेरीज स्वस्त काय आणि महाग काय हे ठरवताच येत नाही. ज्या खोलीचे भाडे निम्मे आहे, पण जेथून रुग्णास रोज दोन गाड्या बदलून न्यावे लागते, ती खोली शेवटी महागच पडते. आणि ती किंमत केवळ पैशांत मोजली जात नाही.

याचे कारण शहराच्या घडणीत आहे. वाचकांनी एकदा मुंबईचा नकाशा समोर ठेवून पाहावा. पुणे किंवा नाशिक ही शहरे मध्यभागातून चोहोबाजूंना पसरलेली आहेत. मुंबई तशी नाही. सात बेटे भराव घालून एकमेकांस जोडली गेली आणि समुद्रात शिरलेली एक अरुंद, उत्तर-दक्षिण लांब पट्टी तयार झाली. दि. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली, तेव्हापासून शहराची वाढ रुळांच्या कडेकडेने उत्तरेस होत गेली. आज पश्चिम रेल्वे चर्चगेटहून विरारकडे आणि पुढे डहाणूपर्यंत जाते, मध्य रेल्वे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून ठाणे-कल्याणकडे जाते, तर हार्बर मार्ग पूर्वेकडून वाशी-पनवेलला पोहोचतो. पश्चिम आणि मध्य या दोन्ही प्रमुख मार्गांवरील प्रवाशांना मार्ग बदलण्याचे सर्वांत सोयीचे स्थानक म्हणजे दादर. चर्चगेट ते विरार हे अंतर ६० किलोमीटर आहे आणि जलद गाडीलाही त्यासाठी जवळजवळ दीड तास लागतो. म्हणूनच मुंबईकरास 'किती लांब आहे?' असे विचारले तर तो किलोमीटर सांगत नाही, मिनिटे सांगतो.

त्यातही गर्दीस दिशा आहे. सकाळी आठ ते अकराच्या सुमारास लोंढा दक्षिणेकडे वाहतो, सायंकाळी पाच ते नऊपर्यंत तो उत्तरेकडे परततो. वांद्रे-कुर्ला संकुल आणि अंधेरी येथे कचेऱ्या वाढल्यापासून हे चित्र थोडे बदलले आहे, परंतु नवख्या माणसाने जुनाच नियम लक्षात ठेवलेला बरा. विरार, नालासोपारा, डोंबिवली वा बदलापूर येथे उतरून सकाळी नऊ वाजता दक्षिणेकडे जाणे ज्याला आले तो मुंबईकर झाला, असे म्हणतात. पण दोन पिशव्या आणि सत्तर वर्षांची आई बरोबर असलेल्या पाहुण्याने हा प्रयोग करू नये. याउलट, मुक्काम दक्षिणेस असून सकाळी काम उत्तरेस असेल, तर त्याच वेळी समोरच्या फलाटावरील गाडीत बसायला जागा मिळू शकते.

आणखी एक बाब. मुंबईत स्थानकाचे नाव हा अर्धाच पत्ता असतो. 'पूर्व' की 'पश्चिम' हे कळले तरच पत्ता पूर्ण होतो. रुळांच्या दोन बाजूंना जोडणारे पूल मोजके आहेत. एकाच स्थानकाच्या पूर्वेकडून पश्चिमेस टॅक्सीने जाण्यास कधी कधी अर्धा तास लागतो. लॉजवाले 'स्टेशनपासून पाच मिनिटे' असे सांगतात. ही पाच मिनिटे कोणत्या बाजूची, हे त्यांना आवर्जून विचारावे. रिक्षा केवळ उपनगरांत चालतात. माहीम आणि शीव यांच्या दक्षिणेस, म्हणजे दादर, परळ, भायखळा, फोर्ट या भागांत त्या दिसणार नाहीत. तेथे टॅक्सी, बस किंवा आपले पाय.

गावाहून आलेल्या माणसाने मुंबईत कोठे टेकावे, हा प्रश्न काही आजचा नाही. आपल्या पूर्वजांनी त्याची जी उत्तरे शोधली, त्यांत आजच्या प्रवाशास पुष्कळ शिकण्यासारखे आहे. गोव्याहून मुंबईस येणाऱ्या ख्रिस्ती बांधवांनी एकोणिसाव्या शतकात 'कूड' नावाची व्यवस्था उभी केली. कूड म्हणजे कोंकणीत खोली. एकेका गावाच्या लोकांनी मिळून धोबीतलाव, गिरगाव, माझगाव या भागांत जागा घ्यायची, नाममात्र वर्गणी द्यायची आणि त्या गावचा जो पुरुष मुंबईस येईल त्याला तेथे पथारी टाकायला जागा द्यायची, अशी ही रीत होती. भिंतीच्या कडेने ज्याच्या त्याच्या पेट्या ओळीने मांडलेल्या असत. एका बाजूस वेदी, तिच्यावर गावच्या आश्रयदात्या संताची प्रतिमा, आणि सायंकाळी सर्वांनी मिळून रोझरी म्हणण्याचा दंडक. मद्याला बंदी, स्त्रियांना प्रवेश नाही. बोटीवर खलाशी, आचारी, वाढपी म्हणून जाणारे असंख्य गोवेकर आपल्या जहाजाची वाट पाहत या कुडांत आठवडेच्या आठवडे राहिले. आता त्यांची संख्या बरीच रोडावली आहे. तरी धोबीतलावच्या गल्ल्यांत जुन्या पाट्या अजून दिसतात.

या कुडांची जागा पाहावी. त्या बंदराजवळ, जहाज कंपन्यांच्या कचेऱ्यांजवळ होत्या. कारण बोलावणे केव्हा येईल याचा नेम नसे, आणि आले की तासाभरात हजर व्हावे लागे. गिरणगावातही हेच घडले. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातील व घाटावरील गावांच्या मंडळांनी खोल्या घेतल्या. एकेका खोलीत वीस-वीस, तीस-तीस गिरणी कामगार पाळीपाळीने झोपत. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर अंग टाकी. जेवण खानावळीत. त्या खोल्यांत सुखसोय म्हणावी अशी काहीच नव्हती, पण गिरणीचा भोंगा तेथे ऐकू येई आणि पायी चालत वेळेवर फाटकाशी पोहोचता येई. हातात फारसा पैसा नसलेल्या त्या माणसांनी जागेची ऐसपैसता सोडली, परंतु कामाचे सान्निध्य सोडले नाही. आजच्या प्रवाशाने, विशेषतः रुग्णाच्या नातेवाइकाने, हाच हिशेब करावा असे आम्ही सुचवतो.

रुग्णांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते, कारण सर्वाधिक हाल त्यांचेच होतात. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे सुरू झाले. ज्या रस्त्यावर ते उभे आहे, त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव आहे. हे गोमंतकीय शल्यविशारद याच रुग्णालयात कर्करुग्णांची सेवा करीत राहिले. जवळच के.ई.एम. आणि वाडिया ही रुग्णालये आहेत. देशाच्या कानाकोपऱ्यांतून येथे माणसे येतात, आणि त्यांतील कित्येक कुटुंबे रुग्णालयासमोरच्या पदपथावर चटई अंथरून रात्र काढतात, हे दृश्य तेथे गेलेल्या कोणासही नवे नाही. सर्वांनाच पैशाअभावी ही पाळी येते असे नाही. आपल्याला किती दिवस राहावे लागेल याची कल्पना नसल्यामुळे, एका दिवसाच्या तयारीने आलेली माणसेही त्यांत असतात.

म्हणून पहिली गोष्ट ही की, पहिल्या भेटीत उपचार सुरू होत नाहीत हे गृहीत धरूनच निघावे. नोंदणी, तपासण्या, गावाकडच्या अहवालांची व नमुन्यांची फेरतपासणी, आणि मग डॉक्टरांचा निर्णय, यात बहुधा काही दिवस जातात. एवढ्या दिवसांची सोय करून जावे. महिन्याभराची आगाऊ रक्कम कोणालाही देऊ नये. उपचार ठरले की डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा: किरणोपचार की केमोथेरपी? किरणोपचार सामान्यतः आठवड्यातून पाच दिवस, रोज, आणि पुष्कळदा कित्येक आठवडे चालतात. प्रत्यक्ष उपचारास काही मिनिटे लागतात, परंतु रोज जावे लागते. तेव्हा अशा रुग्णाचा मुक्काम पायी जाण्याच्या अंतरावरच हवा. यात तडजोड नको. केमोथेरपीचे तसे नाही. ती पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दिली जाते. डॉक्टरांची संमती असेल आणि गावाजवळ तातडीच्या उपचारांची सोय असेल, तर मधले दिवस आपल्या घरी काढता येतात; मुंबईत महिनोन् महिने खोली धरून बसण्याचे कारण उरत नाही. मात्र केमोथेरपीनंतर रुग्णाची प्रतिकारशक्ती खालावलेली असते. गर्दीच्या डब्यातून प्रवास, दहा जणांत एक न्हाणीघर, उघड्यावरचे अन्न हे सारे अशा रुग्णास धोक्याचे असते. तेथे स्वतंत्र खोली आणि स्वतः शिजवण्याची सोय यांवर केलेला खर्च हा औषधावरचाच खर्च समजावा.

दुसरी गोष्ट अशी की, 'टाटा' म्हणजे केवळ परळ नव्हे. या संस्थेचे एक मोठे केंद्र नवी मुंबईत खारघर येथे आहे आणि अनेक रुग्णांना उपचारासाठी तेथे पाठवले जाते. दादरला खोली घेऊन बसलेल्या कुटुंबास खारघरची तारीख मिळाली, तर रोजची पायपीट सुरू होते. आपले उपचार कोणत्या केंद्रात होणार हे कळेपर्यंत लांब मुदतीची खोली घेऊ नये. खारघर हार्बर मार्गावर आहे. तेथे जायचे असल्यास खारघर, बेलापूर, पनवेल या बाजूसच राहावे. तिकडे परळच्या मानाने जागा मोकळ्या मिळतात.

परळ-दादर भागात रुग्ण व नातेवाइकांसाठी काही संस्था दीर्घकाळ काम करीत आहेत. दादर पूर्वेस संत गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा आहे. परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. वांद्र्यास डॉ. बोर्जिस यांच्या स्मरणार्थ बाहेरगावच्या कर्करुग्णांसाठी निवास आहे. कर्करोग झालेल्या मुलांना आईवडिलांसह विनामूल्य ठेवून घेणारी सेंट ज्यूड ही संस्था २००६ मध्ये सुरू झाली. कॉटन ग्रीन येथे तिचे मोठे केंद्र आहे. या सर्व ठिकाणी मागणी फार आणि जागा थोड्या, म्हणून प्रतीक्षायादी असते. थेट दारात जाऊन उभे राहण्यापेक्षा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जावे. रुग्णाची फाईल दाखवल्यावर तेथील कार्यकर्ते कोठे जागा आहे ते पाहून योग्य ठिकाणी पाठवतात. हा विभाग कोठे आहे ते नोंदणीच्या खिडकीवरच विचारून घ्यावे. संकोच करू नये. पुष्कळ कुटुंबांना या विभागाची माहिती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात होते, तोवर गाठीचे पैसे संपलेले असतात. रुग्णालयाच्या परिसरात 'खोली पाहिजे का?' असे म्हणत जवळ येणाऱ्या अनोळखी व्यक्तींना तेथल्या तेथे पैसे देऊ नयेत. खोली पाहून, पावती घेऊनच व्यवहार करावा. खाटेप्रमाणे भाडे घेणारेही तेथे आहेत. एका खाटेचे भाडे थोडे दिसते, पण रुग्ण आणि सोबतचे दोघे मिळून हिशेब केला की साध्या लॉजच्या खोलीएवढेच होते.

परळचा नकाशाही नीट समजून घ्यावा. मध्य रेल्वेचे परळ आणि पश्चिम रेल्वेचे प्रभादेवी ही स्थानके एकमेकांना लागून आहेत. प्रभादेवीचे नाव २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड होते. याच स्थानकाच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. प्रभादेवीला जलद गाड्या थांबत नाहीत. विरारकडून येणाऱ्यास दादरला उतरून धीमी गाडी धरावी लागते किंवा तेथूनच टॅक्सी करावी लागते. रुग्णालये रुळांच्या पूर्वेस आहेत. रुळांवरून पूर्व-पश्चिम वाहने नेणारा एल्फिन्स्टनचा जुना पूल नव्या बांधकामासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद करण्यात आला, तेव्हापासून पश्चिमेकडून येणाऱ्या टॅक्सींना दादरच्या टिळक पुलाचा किंवा करी रोडचा वळसा पडू लागला. म्हणून वरळी-प्रभादेवी भागात एखादी बरी खोली मिळत असली तरी रुग्णासाठी ती घेऊ नये. रुळांच्या पूर्वेसच पाहावी. लोकल गाड्यांत दिव्यांग व कर्करुग्ण यांच्यासाठी राखीव डबा असतो. त्यातून प्रवास करण्यासाठी रुग्णालयाचे कागद जवळ बाळगावेत. बाहेरगावी ये-जा करताना कर्करुग्ण व त्याच्या सोबत्यास रेल्वे तिकिटात सवलत मिळते, तिचा अर्जही रुग्णालयातच मिळतो.

आता नातेवाइकांच्या घराविषयी. मुंबईत आपली मावशी, आत्या किंवा चुलत भाऊ असताना लॉजवर उतरणे हे आपल्याकडे जवळजवळ अपमानास्पद मानले जाते. 'आम्ही मेलो होतो का?' असा फोन येतो. या मायेचा आम्ही आदरच करतो. परंतु मुंबईतील सामान्य माणसाचे घर किती लहान असते, हेही ध्यानात घ्यायला हवे. चाळीतील एका खोलीत किंवा इमारतीतील एका खोली-स्वयंपाकघराच्या जागेत पाच जण राहत असतील, सकाळी पाण्याच्या ठरावीक वेळेत सर्वांची आंघोळ व्हायची असेल, आणि घरातील मुलगी दहावीच्या वर्षाला असेल, तर तेथे सहा आठवड्यांचा रुग्ण ठेवणे त्या कुटुंबास कठीण जाते. आणि ते बोलून दाखवू शकत नाहीत म्हणून अधिकच कठीण जाते. दोन दिवसांच्या कामासाठी नातेवाइकांकडे जरूर उतरावे. दीर्घ उपचारांसाठी मात्र रुग्णालयाजवळ वेगळी सोय करून, नातेवाइकांकडून रविवारचा डबा, कपडे धुण्याची सोय, रात्री-बेरात्री धावून येणारा एक माणूस एवढी मदत घ्यावी. मदत अशी वाटून घेतली तर ती पुष्कळ दिवस टिकते. ज्याचे घर रुग्णालयापासून पायी अंतरावर आहे अशा भाग्यवंतांची गोष्ट निराळी.

इतर कामांविषयी फार सांगण्यासारखे नाही. व्हिसाची मुलाखत बहुधा वांद्रे-कुर्ला संकुलात असते. अमेरिकेची वकिलात २०११ पासून तेथे आहे. सकाळची वेळ मिळाली असेल तर आदल्या रात्री कुर्ला, शीव किंवा वांद्रे पूर्व या बाजूस मुक्काम करावा. मोबाईल फोन आणि मोठ्या पिशव्या वकिलातीत नेता येत नाहीत, त्यामुळे सामान खोलीवर ठेवता येईल अशी सोय असणे हा खोली घेण्यातला अर्धा हेतू आहे. मुंबईतील मेट्रोचा आरे ते कफ परेड हा भुयारी मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्यावर विमानतळाची दोन्ही टर्मिनले, वांद्रे-कुर्ला संकुल, दादर, मुंबई सेंट्रल, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि चर्चगेट अशी स्थानके आहेत. लोकलच्या गर्दीची धास्ती असलेल्यांसाठी या मार्गाजवळचा मुक्काम सोयीचा झाला आहे, भाडे थोडे अधिक पडले तरी. विमानाने जाणाऱ्यांनी तिकीट नीट वाचावे. दि. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही उड्डाणे सुरू झाली आहेत. अंधेरीस मुक्काम आणि विमान पनवेलजवळून, अशी चूक पहाटे चार वाजता लक्षात येऊन उपयोग नाही.

मोतमाऊलीचा सण ८ सप्टेंबरच्या सुमारास असतो आणि वांद्र्याची जत्रा त्यानंतर आठवडाभर चालते. या दिवसांत वांद्रे पश्चिमेस खोली मिळणे कठीण, आणि मिळाली तरी दर चढलेले असतात. दर्शनास जाणाऱ्यांनी दादर किंवा माहीम येथे राहावे. गाडीने काही मिनिटांचेच अंतर आहे. बुधवार धरून गेल्यास माहीमच्या सेंट मायकल चर्चमधील नोव्हेनाही साधते. रविवार टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी पहाटे डोंगरावर गेले तर वृद्धांना मोतमाऊलीपुढे क्षणभर शांतपणे उभे राहता येते.

केवळ शहर पाहण्यासाठी जाणाऱ्या कुटुंबांना आमचा सल्ला थोडा निराळा आहे. त्यांनी दोन रात्री कमी राहावे, पण फोर्ट किंवा कुलाब्यास राहावे. तेथे दर चढे आहेत हे खरे. परंतु गेट वे ऑफ इंडिया, वस्तुसंग्रहालय, विद्यापीठाचा राजाबाई मनोरा, कुलाब्याचे होली नेम कॅथेड्रल आणि मरीन ड्राइव्ह हे सारे पायी पाहता येते, आणि रात्री जेवून मुले दमली की खोली जवळ असते. या भागात वाय.एम.सी.ए., वाय.डब्ल्यू.सी.ए. आणि साल्वेशन आर्मी यांची जुनी अतिथिगृहे आहेत. मोठ्या हॉटेलांच्या मानाने ती परवडतात, मात्र पुष्कळ आधी विचारणा करावी लागते. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवून दिवस ठरवावेत.

पावसाळ्यात मात्र वरील सर्व गणिते बदलतात. दि. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा लाखो माणसे रात्रभर कचेऱ्यांत, गाड्यांत, रस्त्यांवर अडकली होती. तसा पाऊस नेहमी होत नाही. पण समुद्राला मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की शहरातील पाणी समुद्रात जाऊ शकत नाही, उलट नाल्यांतून मागे सरते. मग सखल भाग भरतात: दादर-परळमधील हिंदमाता, माटुंग्याजवळील गांधी मार्केट, सांताक्रूझचा मिलन भुयारी मार्ग, अंधेरीचा भुयारी मार्ग. हिंदमाता भागातील पाणी साठवण्यासाठी महापालिकेने भूमिगत टाक्या बांधल्या आहेत आणि पाणी ओसरण्यास पूर्वीइतका वेळ लागत नाही, तरी रुग्णालयाच्या इतक्या जवळ हा सखल भाग आहे हे विसरून चालणार नाही. जून ते सप्टेंबर या काळात खोली घेताना तळमजला टाळावा आणि 'गल्लीत पाणी भरते का?' हा प्रश्न लॉजच्या मालकाऐवजी समोरच्या पानवाल्यास किंवा वाण्यास विचारावा. भरतीच्या वेळा वर्तमानपत्रात येतात. मुंबईकर त्या पाहूनच घराबाहेर पडतात. रुळांवर पाणी येऊन लोकल बंद पडल्यास दूरच्या उपनगरात राहणाऱ्या रुग्णाचा त्या दिवसाचा उपचार बुडतो. पायी अंतरावर राहणारा गुडघाभर पाण्यातूनही पोहोचतो.

प्रत्यक्ष खोली ठरवताना दराबरोबर आणखी काही गोष्टी विचाराव्यात. खोली सोडण्याची वेळ दुपारी बाराची आहे की घेतल्यापासून चोवीस तासांची? पहाटे गाडीतून उतरणाऱ्याला यामुळे एका दिवसाचे भाडे वाचते किंवा अधिक पडते. लिफ्ट आहे का, आणि ती रात्री चालू असते का? वृद्धांसाठी कमोड आहे का? गरम पाणी कोणत्या वेळेत? सांगितलेल्या दरात जीएसटी धरला आहे की वेगळा? दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के आहे. त्याहून अधिक मागितल्यास विचारणा करावी. प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे ओळखपत्र लागते. एकाच्या आधारकार्डावर चौघे असे चालत नाही. मोबाईलवर शोधून सापडलेल्या क्रमांकावर आगाऊ पैसे पाठवण्याची घाई करू नये, धर्मशाळा व धर्मादाय संस्थांच्या नावाने तर मुळीच नाही. तो क्रमांक रुग्णालयातून किंवा ओळखीच्या माणसाकडून पडताळून घ्यावा.

गाडी कोठे पोहोचते यावरही पहिल्या रात्रीचा मुक्काम अवलंबून असतो. नाशिक-मनमाडकडून आणि पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या बहुतेक गाड्या दादरला थांबतात. परळला जाणाऱ्यांनी तेथेच उतरावे, शेवटच्या स्थानकापर्यंत जाऊ नये. काही गाड्या कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला संपतात. रात्री उशिरा तेथे पोहोचणाऱ्यांनी प्रतीक्षालयात पहाट होऊ द्यावी. एस.टी.ने जाणाऱ्यांनी गाडी मुंबई सेंट्रल, परळ की कुर्ला नेहरूनगर येथे जाते ते तिकीट काढतानाच विचारावे.

राहता राहिला प्रश्न धर्मसंस्थांच्या निवासांचा. मुंबईतील काही धर्मभगिनींच्या मठांत आणि साधनागृहांत पाहुण्यांसाठी खोल्या असतात. या खोल्या मूलतः साधनेसाठी, शिबिरांसाठी बांधलेल्या आहेत. तेथे रात्री ठरावीक वेळी फाटक बंद होते, जेवणाच्या घंटा असतात, आणि संक्रमणाची भीती असलेल्या रुग्णासाठी लागणारी विशेष व्यवस्था बहुधा नसते. परीक्षेस जाणाऱ्या मुलीसाठी किंवा एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रीसाठी मात्र याहून निश्चिंत जागा मिळणे कठीण. त्यासाठी आपल्या धर्मगुरूंचे ओळखपत्र लागते. ते मागण्यास निघण्याच्या आदल्या रात्री येऊ नये. किमान पंधरा दिवस आधी यावे, म्हणजे दूरध्वनी करून जागा आहे की नाही ते विचारता येते आणि नसल्यास दुसरीकडे चौकशी करता येते. पत्रात प्रवाशाचे पूर्ण नाव, धर्मग्राम, कामाचे स्वरूप, पोहोचण्याची व परतण्याची तारीख, आणि गावाकडील एका जबाबदार व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक असावा. रुग्णासाठी पत्र हवे असल्यास रुग्णालयाच्या फाईलवरील क्रमांक आणि पहिल्या तपासणीची तारीख लिहून आणावी, म्हणजे तेवढ्यासाठी दुसरा हेलपाटा पडत नाही.